वाफेचा हिशेब : उष्णतेचा ताळेबंद जुळत नाही तेव्हा

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत 'पाण्याचा उत्कलनांक काढणे' हा प्रयोग ज्यांनी केला असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. चंचुपात्रातील पाणी खळखळ उकळू लागे, तापमापीतील पारा चढत चढत ९८च्या आसपास येई आणि तेथेच थबके. कितीही वेळ बर्नर ठेवा, पारा पुढे सरकत नसे. तरीही प्रयोगवहीत आपण सर्वांनी '१०० अंश सेल्सिअस' असेच लिहिले. तापमापी जुनी आहे, असे आपण एकमेकांना सांगितले. आम्ही विद्यार्थी असताना तसे लिहिले आणि पुढे शिक्षक झाल्यावर तसे लिहिलेल्या अनेक वह्यांवर लाल शाईने बरोबरची खूणही केली.

तापमापी बरोबर होती. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळते. पुस्तकातील १०० हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. मुंबईच्या मुलाने तो लिहिला तर खरा, वाशीमच्या मुलाने लिहिला तर नकललेला.

या स्मरणिकेसाठी काही अभ्यासपर लिहावे असे ठरले, तेव्हा ही जुनी आठवण पुन्हा वर आली, त्याला एक कारण घडले. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लाकूड आणि गॅस यांऐवजी वाफेवर स्वयंपाक करता येईल काय, याचा विचार काही काळापासून चालू आहे. मोठ्या प्रमाणावर ही पद्धत नवी नाही. शिर्डीच्या प्रसादालयात २००९पासून ७३ परावर्तक तबकड्यांच्या साहाय्याने सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून हजारो माणसांचे अन्न शिजवले जाते. आपल्याला किती क्षमतेचा बाष्पक लागेल, हे ठरवायचे होते. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम हाती घेतले. उकळणाऱ्या गंजाचे संगणकावर प्रतिरूप तयार करायचे आणि त्यावरून वाफेचा अंदाज बांधायचा, अशी त्याची योजना होती. दिवाळीच्या सुटीत तो आपली आकडेमोड घेऊन आमच्याकडे आला. विज्ञान शिकवणारे आम्ही दोघे-तिघे आणि सुटीवर आलेले काही माजी विद्यार्थी त्याच्यासोबत बसलो. पुढील मजकूर त्या बैठकांतून निघालेला आहे.

प्रथम मूळ हिशेब समजून घेऊ. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचे तर ६२,७०० किलोज्यूल. हा भाग सर्वांच्या लक्षात असतो. विसर पडतो तो पुढच्या भागाचा. उकळत्या पाण्याची वाफ होताना तापमान वाढत नाही, पण उष्णता मात्र शोषली जातच राहते. दर किलोमागे २२५७ किलोज्यूल, म्हणजेच शाळेत पाठ केलेले प्रतिग्रॅम ५४० कॅलरी. हा अप्रकट उष्मा. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात तो मोजून दाखवला, त्यापूर्वी ही उष्णता जाते कोठे हे कोणाला सांगता येत नव्हते. त्या दोनशे लिटरांतले केवळ दहा लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तरी २२,५७० किलोज्यूल गेले. सगळे पाणी तापवायला लागलेल्या उष्णतेच्या एक तृतीयांशाहून हे अधिक आहे. स्वयंपाकघरातील मावशी गंजावर झाकण ठेवण्याविषयी इतक्या आग्रही का असत, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आता संगणकाकडे वळू. प्रतिरूप तयार करताना भांड्यातील जागेचे हजारो लहान चौकोनी कप्पे पाडले जातात. प्रत्येक कप्प्यात किती पाणी, किती वाफ, तापमान किती, हे संगणक क्षणाक्षणाला काढत जातो. नुसते पाणी तापवायचे असते तेव्हा हे काम तुलनेने सरळ असते. पाणी आणि वाफ एकाच भांड्यात असली की अडचणी सुरू होतात. दोघांच्या घनतेत दीड हजार पटींहून अधिक अंतर असते आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना अप्रकट उष्म्याची मोठी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळती होत असते. ती वळती करताना झालेली लहानशी चूकही ताळेबंदात मोठी दिसते. कधी कधी ती दिसतच नाही, आणि ते अधिक घातक ठरते.

आमच्या विद्यार्थ्याचे उदाहरण याच दुसऱ्या प्रकारचे होते. त्याने वीस किलो पाण्याचा गंज घेतला होता, तळातून सहा किलोवॉट उष्णता आत सोडली होती, बाजू उष्णतारोधक मानल्या होत्या आणि तोंड उघडे ठेवले होते. संगणकाने दर सेकंदाला अडीच ग्रॅम वाफ बाहेर पडते असे सांगितले. अडीच ग्रॅम गुणिले २२५७, म्हणजे ५.६४ किलोवॉट. आत सहा, बाहेर ५.६४. तफावत ०.३६ किलोवॉट, म्हणजे सहा टक्के. एवढी तफावत चालते, असे त्याला सांगण्यात आले होते. अहवाल देण्याची तारीख जवळ होती. आणखी एक सल्लाही मिळाला होता : 'किरकोळ हानी' असा एक रकाना घालावा आणि त्यात हे ०.३६ बसवून टाकावे. खरे तर बाजूंतून उष्णता जातच नाही असे त्यानेच संगणकाला सांगितलेले होते. मग हानी व्हायची कोठून? हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता, म्हणून तो आला.

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो साठ्याचा. आत आलेले आणि बाहेर गेलेले यांत फरक असेल तर काही रक्कम घरातच राहिली असेल. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे सांगावे लागत नाही. त्याने पाण्याचे सरासरी तापमान तपासले, तर ते दर मिनिटाला ०.४ अंशाने वाढत असल्याचे दिसले. वीस किलो पाणी, किलोमागे ४.२ किलोज्यूल, मिनिटाला ०.४ अंश, म्हणजे ०.५६ किलोवॉट पाण्यातच साठत होते. ही रक्कम त्याने जमेस धरलेली नव्हती. ती धरली आणि हिशेब जुळण्याऐवजी उलटा पडला. ५.६४ अधिक ०.५६, म्हणजे ६.२०. आत सहा किलोवॉट आणि बाहेर व साठा मिळून सहापेक्षा जास्त! उष्णता शून्यातून निर्माण होत होती. मुलगा खट्टू झाला. आम्हाला मात्र आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. सहा टक्क्यांची ती 'चालणारी' तफावत म्हणजे विरुद्ध दिशांच्या चुकांनी एकमेकींना झाकल्याचा परिणाम होता, आणि आता त्यांतील एक उघडी पडली होती.

दुसरी चूक शोधण्यास दोन दिवस लागले. अशा सॉफ्टवेअरमध्ये अप्रकट उष्मा थेट विचारला जात नाही. पाणी आणि वाफ या दोन्हींची प्रमाण एन्थाल्पी द्यावी लागते आणि त्यांतील फरकातून संगणक अप्रकट उष्मा स्वतः काढतो. द्रव पाण्यासाठी उणे २८५.८ आणि वाफेसाठी उणे २४१.८ किलोज्यूल प्रतिमोल. फरक ४४.० आणि एक मोल पाणी १८.०१५ ग्रॅम, म्हणून किलोमागे सुमारे २४४२ किलोज्यूल. पुस्तकातील २२५७पेक्षा हा आकडा बराच मोठा दिसतो आणि नवशिका येथेच घाबरतो. पण हा २५ अंशांवरचा अप्रकट उष्मा आहे. १०० अंशांवर जाताना द्रवाची एन्थाल्पी अंशाला ४.१८ने वाढते आणि वाफेची केवळ १.८८ने, म्हणजे दर अंशाला अंतर २.३०ने घटते. ७५ अंशांत १७२.५ कमी. उरले २२६९.५. बाष्पसारणीतील २२५७शी हे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच्या फरकाने जुळते. इतपत अंतर विशिष्ट उष्मा सर्वत्र सारखा धरल्यामुळे राहते.

हे सर्व घडण्यास एक अट आहे. दोन्ही आकडे एकाच संदर्भ-तापमानाचे असले पाहिजेत. आमच्या विद्यार्थ्याने द्रवासाठी २५ अंश आणि वाफेसाठी १०० अंश दिले होते. वाफ १०० अंशांवरच होते, तेव्हा तिचा संदर्भही तोच, असा त्याचा भाबडा तर्क होता. परिणामी वाफेच्या खात्यातील ७५ अंशांची वाढ, म्हणजे १४१ किलोज्यूल, गळून पडली आणि संगणक २२६९.५ऐवजी २१२८.५ने वाफ करू लागला. संगणकाच्या मते वाफ स्वस्त झाली होती, म्हणून ती जास्त निघत होती. आपण मात्र तिचे मोल २२५७ने करत होतो. अडीच ग्रॅमांना २१२८.५ने गुणले, ५.३२ आले, त्यात साठ्याचे ०.५६ मिळवले, ५.८८ झाले. आता तफावत ०.१२ राहिली, म्हणजे दोन टक्के. या वेळी ती खरी तफावत होती, कारण तिच्यामागे आता काही दडलेले नव्हते. (पाणी व वाफ यांच्या तापमानांतील दोन-तीन अंशांचा फरक आम्ही येथे सोडून दिला आहे. त्याने निष्कर्ष बदलत नाही.)

हे उरलेले दोन टक्के संगणकाच्या घाईचे होते. संगणक प्रत्येक क्षणाचे उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत नेतो आणि पुरेसे झाले असे वाटले की पुढच्या क्षणाकडे वळतो. 'पुरेसे' म्हणजे किती, हे आपण ठरवायचे असते. त्याने वेळ वाचवण्यासाठी फेऱ्या कमी आणि टाइम-स्टेप मोठा ठेवला होता. टाइम-स्टेप निम्मा केला, फेऱ्या वाढवल्या आणि तफावत ०.०२ किलोवॉटवर आली. ही कसोटी सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टाइम-स्टेप किंवा कप्प्यांचा आकार निम्मा केल्यावर तफावत घटत गेली तर ती आकडेमोडीची मानावी. जागची हलली नाही तर दोष आपण दिलेल्या माहितीत आहे, आणि मग कितीही मोठा संगणक आणला तरी उपयोग नाही.

या ठिकाणी एका मराठी माणसाची ओळख करून देणे आम्हाला अगत्याचे वाटते. जगभरातील अभियंते आज ज्या पद्धतीने प्रवाह आणि उष्णतेची आकडेमोड करतात, तिच्या पायाशी सुहास पाटणकर यांचे काम आहे. १९६२ साली पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी, १९६४ साली मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. १९७२ साली त्यांनी आपले गुरू ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह 'सिंपल' नावाने ओळखली जाणारी गणनपद्धती प्रसिद्ध केली. पुढे ते अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० साली निघालेले त्यांचे उष्णता व प्रवाहाच्या संख्यात्मक गणिताचे पुस्तक दोनशेच्या आसपास पानांचे आहे आणि आजही शिकवले जाते.

त्या पुस्तकात त्यांनी चार मूलभूत नियम घातले आहेत. त्यांतील पहिला आपल्या विषयाचा गाभाच होय. दोन शेजारी कप्प्यांमधली भिंत एकच असते, म्हणून तिच्यातून जाणारी उष्णता दोन्ही कप्प्यांच्या गणितात एकाच सूत्राने मांडली गेली पाहिजे. एकाच्या वहीत जेवढे नावे, तेवढेच दुसऱ्याच्या वहीत जमा. ऐकायला हे इतके साधे आहे की नियम कशाला हवा असे वाटावे. परंतु प्रत्येक कप्पा आपल्या बाजूने भिंतीचे तापमान अंदाजू लागला की दोन वह्यांत दोन रकमा पडतात आणि हजारो भिंतींवरची ही गळती शेवटच्या ताळेबंदात एकत्र येऊन उभी राहते. तिसरा नियम उष्णतेच्या उगमाविषयीचा आहे. तापमान वाढले की उगम अधिकच भडकेल अशा रीतीने तो मांडू नये, तापमानाने त्याला आवर बसेल असा मांडावा. बाष्पीभवनाच्या गणितात हा नियम मोडला तर आकडे पाहता पाहता हाताबाहेर जातात.

पाटणकरांनी सांगितलेली आणखी एक युक्ती आम्हाला विशेष भावली. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता सुमारे १६ आणि पाण्याची सुमारे ०.६ असते. स्टीलचा तळ आणि त्यावरचे पाणी यांच्या सीमेवर कोणती वाहकता धरावी? सहज सुचते ती साधी सरासरी, ८.३. पण उष्णता दोन थरांतून एकामागून एक जाते तेव्हा मंद थरच वेग ठरवतो, जसा अरुंद पुलावरच्या बैलगाडीमागे अख्खा रस्ता चालतो. म्हणून हरात्मक मध्य घ्यावा, तो येतो जेमतेम १.१६. साधी सरासरी घेणारा सात पट उष्णता पलीकडे पाठवतो. गंमत अशी की त्याचा ताळेबंद मात्र तंतोतंत जुळतो, कारण चुकीची रक्कमही दोन्ही वह्यांत सारखीच लिहिलेली असते.

हाच धडा आम्हाला पुढच्या टप्प्यावर प्रत्यक्ष मिळाला. ताळेबंद जुळला, पण गंजातील पाणी अजूनही १०३ अंशांवर होते. उघड्या गंजातील पाणी वाशीममध्ये १०३ अंशांवर जात नाही, हे सांगायला संगणकाची गरज नाही. दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे त्याने उत्कलनांक १०० दिला होता. आठवीच्या वहीतला तोच १०० येथवर चालत आला होता! तो ९८ केला. दुसरी गोष्ट अधिक खोल होती. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बाष्पीभवनाचा वेग ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने ठरत होता. पाणी उत्कलनांकापेक्षा जितके जास्त तापलेले, तितकी वाफ जास्त, आणि या दोहोंमध्ये एक गुणांक. हा गुणांक निसर्गाने दिलेला नाही, वापरणाऱ्याने निवडायचा असतो. सॉफ्टवेअरने आपणहून भरलेला ०.१ त्याने तसाच ठेवला होता. गुणांक लहान, म्हणून वाफ आळशी, म्हणून पाणी तापत राही, म्हणूनच सुरुवातीचा तो ०.५६चा साठा. गुणांक टप्प्याटप्प्याने वाढवत नेला तेव्हा पाणी उत्कलनांकाच्या एका अंशाच्या आत आले. त्याची किंमतही मोजावी लागली. टाइम-स्टेप दहा पट लहान करावा लागला आणि एका रात्रीत होणारी आकडेमोड तीन दिवस चालली, तीही वीज जाणार नाही या आशेवर.

आता साठा जवळपास शून्य झाला आणि वाफ सेकंदाला २.६४ ग्रॅम, म्हणजे तासाला साडेनऊ किलो. आधीच्या हिशेबाने ती नऊ किलो होती.

असेच एखादे विसरलेले दार आपल्या रोजच्या पाहण्यातही असते. मे महिन्यात आपल्या भागात एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण २२ ते २४ मेगाज्यूल सूर्यऊर्जा पडते. उघड्या तबकातील पाणी एखाद्या दिवशी १२ मिलिमीटरने उतरले, तर चौरस मीटरमागे १२ किलो पाणी उडाले आणि त्याला २९ मेगाज्यूलांहून अधिक उष्णता लागली. सूर्याने दिली त्यापेक्षा जास्त! उरलेली आली कोठून? दुपारच्या झळांनी ती आडव्या वाऱ्यातून आणून दिली. फक्त वरून येणाऱ्या उष्णतेचाच हिशेब मांडणाऱ्याला हे कोडे सुटत नाही. संगणकातील गंजाचेही तसेच आहे. उघड्या तोंडातून वाफ बाहेर जाते तशी बाहेरची हवा मधूनच आतही ओढली जाते, आणि ती किती अंशांची धरायची हे सांगितले नसेल तर संगणक आपल्या मनाचा आकडा धरतो.

म्हणून असे काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही सुचवतो की उष्णतेच्या आधी वस्तुमानाचा ताळेबंद पाहावा. पाणीच हरवत असेल तर त्याच्याबरोबर उष्णताही हरवणारच. मग भांडे बंद करून, कोणतीही उष्णता न देता, आतली ऊर्जा स्थिर राहते का ते पाहावे. मग वाफेविना नुसते पाणी तापवावे. त्यानंतर ज्याचे उत्तर कागदावर काढता येते असे एखादे उदाहरण सोडवावे. योसेफ स्टेफान यांनी ध्रुवीय समुद्रातील बर्फ किती जाड होत जाते याचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो प्रश्न मांडला, तो यासाठी उत्तम आहे. खरा गंज सर्वांत शेवटी.

आमचा खरा गंज स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत मांडला गेला. वजनकाट्यावर जर्मनचा गंज, त्यात वीस किलो पाणी आणि पाणी तापवायचे तीन रॉड. घड्याळावर भरवसा ठेवला नाही, कारण विद्युतदाब २३०चा २१० झाला तर रॉडची शक्ती सुमारे १७ टक्क्यांनी घटते, आणि आपल्याकडे तो कधी किती असेल हे कोणी सांगावे? म्हणून पाणी उकळू लागल्यापासून मीटरवर तीन युनिट पडेपर्यंत थांबलो. तीन युनिट म्हणजे १०,८०० किलोज्यूल, त्यात ४.७७ किलो वाफ व्हायला हवी. काट्याने दाखवली ४.४. गंजाला गोणपाट गुंडाळून पुन्हा केले, तेव्हा ४.६ आली. उरलेले अंतर बाजूंतून आणि काठावरून गेले. 'किरकोळ हानी' हा रकाना अखेर त्याच्या अहवालात आला, पण मोजलेल्या आकड्यासह. महाविद्यालयाकडून त्याने दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली होती. अहवालात त्याने जुना आणि नवा असे दोन्ही तक्ते छापले आहेत. त्याची एक प्रत आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे.

बाष्पकाचा निर्णय स्वयंपाकघर समिती नव्या आकड्यांवर करणार आहे. तोवर दोन मोठ्या गंजांना घट्ट बसणारी झाकणे करून घेतली आहेत. इयत्ता आठवीच्या प्रयोगवहीत यंदापासून उत्कलनांकाबरोबर त्या दिवशीचा हवेचा दाबही लिहून घेतला जातो. ज्या पालकांना घरी पडताळा पाहायचा असेल, त्यांच्यासाठी एवढे पुरे : एक युनिट विजेत सुमारे १.६ लिटर उकळत्या पाण्याची वाफ होते. रॉड पाण्यात असताना पाण्याला किंवा भांड्याला हात लावू नये, वजन करण्यापूर्वी प्लग काढावा. वसतिगृहात रॉड वापरण्यास पूर्वीही मनाई होती आणि आजही आहे. कोणत्या खोलीत तो दडवलेला असे, हे माजी विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको.